न फोडलेली पाकिटं

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट. संक्रांतीची हळदीकुंकवं आटोपली होती. उरलेलं वाण कपाटावर ठेवायला म्हणून मी स्टुलावर चढले, तर जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली हाताला काहीतरी लागलं. रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा! खाली बसून मोजली. अकरा पाकिटं. कुणावर बँकेचा शिक्का, कुणावर पतसंस्थेचा, दोनांवर वकिलाचं नाव. त्यातली सात फोडलेलीच नव्हती. पोस्टमनकडून सही करून घेतलेली आणि तशीच वर टाकून दिलेली.

मैत्रिणींनो, त्या दुपारी माझ्या पायाखालची जमीन सरकली, असं म्हटलं तर खोटं नाही. आमचं सक्करदऱ्याला रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. भाड्याचंच, पण चालणारं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अख्खी लगीनसराई गेली. माल अंगावर पडला, भाडं मात्र चढत राहिलं. २०२१ च्या दिवाळीनंतर शटर खाली ओढलं ते कायमचंच. धंदा बुडाला हे मला माहीत होतं. किती बुडाला, हे मात्र त्या पाकिटांनी सांगितलं.

रात्री मुलं झोपल्यावर मी गठ्ठा ह्यांच्यापुढे ठेवला. बराच वेळ हे काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘तुला सांगून काय करणार होतो? तू बी टेन्शन घेऊन बसली असती.’’ आणि थोड्या वेळानं, खाली मान घालून, ‘‘दोनदा फुटाळ्यावर जाऊन बसलो होतो. पोरांचे चेहरे डोळ्यापुढे आले, म्हणून परत आलो.’’

फुटाळा तलावावर आम्ही पोरांना घेऊन भुट्टे खायला जायचो. त्या जागेचं नाव ह्यांच्या तोंडून असं ऐकलं आणि मी ठरवलं, की कर्जाचं काय व्हायचं ते होवो, पण ह्या घरात आता एकही पाकीट बंद राहणार नाही.

भांडीवाल्या मावशींचा सल्ला

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. मोठे दीर म्हणाले, ‘‘उमरेड रोडचा प्लॉट आधी सूनबाईच्या नावावर करून टाक. मग कोण काय करते?’’ एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, वीस हजार द्या, ‘नादारीचा दाखला’ काढून देतो, सगळं कर्ज माफ! नादारी हा शब्द मला फक्त शाळेतला ठाऊक होता. गरीब मुलांची फी माफ व्हायची, ती नादारी. तसंच काही असेल, असं वाटून मी खरंच पैशांची जुळवाजुळव करू लागले होते.

वाचवलं कुणी, तर आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनी. माझे सुजलेले डोळे पाहून त्यांनी विचारलं आणि ऐकून म्हणाल्या, ‘‘ताई, वीस हजार काहून देता? कोर्टात बायकांले फुकटात वकील भेटते. माह्या पोरीच्या खावटीच्या टायमाले मी गेली होती ना!’’

मला आधी हसूच आलं. फुकट वकील म्हणजे गरिबांसाठी, आपण का गरीब? आणि मग लक्षात आलं, की आपल्याला चौदा लाखांच्या वर देणं आहे आणि मावशींना एक रुपयाचंही नाही!

सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना सहसा ती असते. मी आधार कार्ड आणि तो गठ्ठा घेऊन गेले. अर्ज भरला. कुणी मला वेड्यात काढलं नाही, की ‘नवऱ्याला पाठवा’ असंही म्हटलं नाही. काही दिवसांत एका वकील मॅडमची नेमणूक झाली.

मॅडमनी पहिली गोष्ट कुठली केली असेल? पाकिटं फोडली. अकराच्या अकरा. तारखेप्रमाणे लावली आणि म्हणाल्या, ‘‘ताई, नोटिशीला मुदत असते. न फोडल्यानं मुदत थांबत नाही.’’ चेक परत गेल्याची नोटीस आली, तर पैसे द्यायला पंधराच दिवस असतात. घर गहाण असताना बँकेनं थकबाकीची मागणी नोटीस दिली, तर साठ दिवस. कोर्टाचं समन्स आलं, तर साधारण तीस दिवसांत उत्तर द्यायचं. हजरच झालं नाही, तर एकतर्फी निकाल लागतो आणि मग आपली बाजू खरी असूनही ऐकायला कुणी नसतं. आमच्या दोन मुदती कपाटावरच संपल्या होत्या.

एका कागदावरचं घर

मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. ‘‘नादारीचा अर्ज करायचा की नाही, ते नंतर ठरवू. पण त्या अर्जाला जे लागतं, ते आजच लिहून काढा. कुणाचं किती देणं, आणि तुमच्याकडे काय काय आहे. काही लपवायचं नाही.’’

त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. हे सांगत गेले, मी लिहीत गेले. बँकेचे ६ लाख ४० हजार. त्यावर जामीनदार म्हणून माझी सही होती! कधी केली ते आठवेना. ‘इथे सही कर’ म्हटलं आणि पोळ्या लाटता लाटता हात पुसून केली असणार. पतसंस्थेचे १ लाख ८० हजार. गांधीबागच्या ठोक व्यापाऱ्याचे २ लाख १० हजार. महिला गटातून माझ्या नावावर घेतलेले, पण दुकानात घातलेले ३५ हजार. धाकट्या दिरांचे एक लाख, माझ्या भावाचे पंच्याहत्तर हजार. आणि शेवटी अगदी हळू आवाजात एका खासगी सावकाराचे दोन लाख, महिना पाच टक्क्यांनी. सव्वीस महिने दरमहा दहा हजार दिले होते. म्हणजे दोन लाखांवर २ लाख ६० हजार व्याज देऊन झालं, आणि दोन लाख उभेच!

बेरीज १४ लाख ४० हजार.

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. आमच्या घराचा सगळा हिशेब मी पहिल्यांदा एका कागदावर पाहिला. आणि खरं सांगू? आकडा पाहून रडू आलं, पण भीती कमी झाली. अंधारात उभं राहून ‘किती असेल, किती असेल’ करण्यापेक्षा ते बरं होतं.

नादारी म्हणजे नेमकं काय?

मॅडमनी समजावून सांगितलं ते मी तसंच सांगते, कारण याबाबत आपल्या मनात फार गोंधळ असतो.

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. नागपूर असो की काटोल, उमरेड, आपल्याला लागू आहे तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. संसदेनं २०१६ मध्ये नवीन दिवाळखोरी संहिता केली. तिच्यात सामान्य माणसांसाठीही तरतुदी आहेत, पण डिसेंबर २०१९ पासून त्या लागू झाल्या त्या फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींना. दुकानदार, नोकरदार, गृहिणी यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा चालतो. किती जुना, तर पाचशे रुपये देणं असलं की अर्ज करता येतो, असं त्यात लिहिलेलं आहे!

अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. न्यायालयानं नादार ठरवलं, की त्या माणसाची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्यानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि ती विकून सगळ्या देणेकऱ्यांना वाटून दिली जाते. त्यानंतर कुणी एकटा धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे लागू शकत नाही. पुढे न्यायालयानं मुक्त केलं, की उरलेल्या बहुतेक कर्जातून सुटका होते. पण सरकारी देणं, फसवणूक करून घेतलेलं कर्ज किंवा बायकोची खावटी यातून सुटका नाही. आणि ज्या बँकेकडे घर गहाण आहे, तिचा त्या घरावरचा हक्कही तसाच राहतो.

किंमतही मोजावी लागते. मुक्त होईपर्यंत पन्नास रुपयांच्या वर उधार घेताना ‘मी नादार आहे’ हे सांगावं लागतं, नाही तर गुन्हा! ग्रामपंचायत, नगर परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. प्रकरण चालतंही बराच काळ. ‘‘म्हणून,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘नादारी हे शेवटचं दार. ते आहे, हे माहीत असू द्या. पण आधीची दारं वाजवून बघू.’’ आणि तो वीस हजारांचा ‘दाखला’? तसा दाखलाच नसतो. असतो तो फक्त न्यायाधीशांचा आदेश.

प्लॉट माझ्या नावावर करायच्या सल्ल्यावर त्या एकदम कडक झाल्या. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं बक्षीसपत्र न्यायालय रद्द करू शकतं. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत असं काही केलं असेल, तर ते तपासलं जातं. वर माणूस खोटा ठरतो तो वेगळाच. मोठ्या दिरांना हे सांगायला मला धीर होईना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ‘‘प्लॉट गेला तर जाऊ दे माय, पोरगा खोटा नको ठरायला.’’

मंगळसूत्राचा प्रश्न

सासूबाईंना खरी धास्ती वेगळीच होती. घरी जप्ती येईल, भांडी बाहेर काढतील आणि सुनेच्या गळ्यातलं काढून नेतील, असं त्यांना रात्र-रात्र वाटायचं. मी ते मॅडमना विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम त्यांनी मराठीत वाचून दाखवलं. घरच्यांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. कारागिराची अवजारंही नाहीत. १९०८ सालच्या कायद्यात हे लिहिलेलं आहे! शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बाईनं आपल्या मशीनबद्दल वकिलाला जरूर विचारावं.

आणखी काही गोष्टी तिथेच कळल्या. नवऱ्याचं कर्ज बायकोवर आपोआप येत नाही. ती सह-कर्जदार किंवा जामीनदार असेल तरच येतं. आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं सहसा म्हणता येत नाही. माणूस वारला, तर वारसांना त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेइतकंच देणं लागतं, स्वतःच्या खिशातून नाही. पैशाच्या वसुलीच्या हुकुमासाठी बाईला अटक करता येत नाही. आणि पुरुषालाही केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलं आहे. ऐपत असून लपवाछपवी केली, तर गोष्ट वेगळी. चेक न वटल्याचा खटलाही वेगळा. तो फौजदारी असतो आणि नादारीनं टळत नाही.

हे ऐकून हे त्या दिवशी कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर चहा प्यायला थांबले. किती महिन्यांनी मी ह्यांना चवीनं चहा पिताना पाहिलं!

एकेक दार

मग एकेक देणं हाती घेतलं. बँकेचं प्रकरण अजून कोर्टात गेलं नव्हतं, तरी ते लोकअदालतीत ठेवता आलं. तिथे फी नसते. कोर्टात चालू असलेला दावा तिथे मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. लोकअदालतीतला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून पाळता येईल तेवढंच कबूल करायचं. आम्ही प्लॉट रीतसर विकला, साडेपाच लाखांना. बँकेशी चार लाखांत एकरकमी तडजोड झाली. पतसंस्थेला कोर्टात न जाताही सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली सहकार खात्याकडून वसुली दाखला मिळतो, म्हणून तिकडे आम्ही स्वतःहून गेलो. दंडव्याज सोडून दीड लाखावर त्यांनी खातं बंद केलं. प्लॉट संपला. ज्या प्लॉटवर कधीतरी घर बांधू म्हणून मी मनात तुळशीवृंदावनाची जागासुद्धा ठरवली होती, तो संपला.

एक मात्र सांगायला हवं. तडजोड केली, की सिबिलमध्ये तशी नोंद होते आणि पुढे कर्ज मिळणं कठीण जातं. आम्हाला आता कर्ज नकोच आहे, ही गोष्ट निराळी!

ठोक व्यापाऱ्याकडे हे आणि मी दोघं गेलो. कागद दाखवला. म्हाताऱ्या शेटजींनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. म्हणाले, ‘‘तोंड लपवून फिरणारे पुष्कळ पाहिले, कागद घेऊन येणारे तुम्हीच पहिले.’’ महिना सात हजार ठरले, तीस हप्ते. ह्यांनी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली, मी डबे सुरू केले. २०२५ च्या सुरुवातीला शेवटचा हप्ता दिला.

राहिला सावकार. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असलेल्यालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि नसेल तर १८ टक्के, एवढाच दर सरकारनं २०१४ मध्ये ठरवून दिला. आमच्याकडून साठ टक्के घेतले गेले होते! परवाना नसलेल्याला कोर्टातून वसुलीचा हुकूमही मिळत नाही. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची, तालुक्यात सहायक निबंधकांकडे. तक्रार करताना हात थरथरत होते. कारण ह्यांनी सही केलेले तीन कोरे चेक त्या माणसाकडे होते. मॅडमनी चेकची तारीखवार नोंद तक्रारीत आधीच घालून ठेवली. चौकशी लागली आणि दारावरची शिवीगाळ थांबली. ते चेक अजून परत मिळालेले नाहीत. म्हणजे सगळं छान झालं, असं मी सांगणार नाही. पण पुन्हा एक रुपयाही दिलेला नाही.

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, तेव्हा १९३३ मध्ये इथल्या सरकारनं कर्ज तडजोडीचा कायदा केला होता. सावकार आणि शेतकरी कर्जदार यांना मंडळापुढे समोरासमोर बसवायचं आणि देणं किती ते ठरवायचं. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीही कर्ज फिटायचं ते समोरासमोर बसूनच. तोंड लपवून नाही.

तुमच्यासाठी

तुम्ही काटोलला असा की रामटेकला, सावनेरला असा की उमरेडला, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे जा. जाणं जमत नसेल, तर १५१०० या नंबरवर विचारा. वसुलीची माणसं बँकेची असोत की फायनान्सची, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करून तगादा लावू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये बजावलं. गटाच्या छोट्या कर्जासाठी तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा हीच वेळ आहे. धमकी दिली, नातेवाइकांसमोर बदनामी केली, तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सही करण्याआधी कागद वाचा. पोळी करपली तरी चालेल! आणि घरातला माणूस फार गप्प झाला असेल, ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोलत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो.

दिराचे आणि भावाचे पैसे आम्ही अजून फेडतो आहोत. भाऊबीजेला भावानं ओवाळणी टाकली, की मी त्याच पाकिटात हप्ता घालून परत देते. तो रागावतो, मी हसते.

तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यावरची एकेक रेघ मारत आलो. कपाटावर आता फक्त वाणाचं सामान असतं. आणि दारात पोस्टमन आला, की हे मला आतून आवाज देतात, ‘‘अगं, पाकीट आलं आहे. ये, दोघं मिळून फोडू.’’